ताट एकाचे असले तरी

आपल्या समाजात माणूस गेला की त्याचे घर रिकामे राहत नाही. निरोप मिळताच वस्ती गोळा होते. कोणी मंडपवाल्याकडे धावतो, कोणी बौद्धाचार्यांना कळवतो, कोणी गावी फोन लावतो. त्या घरात चूल पेटत नाही, पण घरातले एकही माणूस उपाशी राहत नाही. या खोलीतून पिठले येते, त्या खोलीतून भाकरी येते, चहाची किटली तर दिवसभर फिरत असते. दोन वर्षांपूर्वी आमची पत्नी कालकथित झाली, तेव्हा माजिवड्यातील आमच्या चाळीने आम्हाला असेच सांभाळले. त्या दिवसांत काय खाल्ले ते आठवत नाही. उपाशी झोपलो नाही एवढे नक्की.

पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झाले, चार जणांनी तिच्याविषयी चांगले सांगितले, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले. धाकटी बहीण आणखी आठ दिवस राहिली. पण तिलाही तिचा संसार आहे. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी वसतिगृहात असतो; सुट्टी संपली तसा तोही गेला. आणि एका सोमवारी संध्याकाळी कचेरीतून येऊन कुलूप उघडले, तेव्हा प्रथमच लक्षात आले की ‘वाढू का?’ असे विचारणारे या घरात आता कोणी नाही.

आम्हाला येथे दुःखाविषयी फार लिहायचे नाही. ते ज्याचे त्याला ठाऊक असते. लिहायचे आहे ते जेवणाविषयी. कोणाला हा विषय किरकोळ वाटेल. आम्हालाही तो किरकोळच वाटला होता, आणि म्हणूनच आमची फसगत झाली.

वहीने काढलेली चूक

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून दुसऱ्याच्या हिशेबात पैची चूक राहू दिली नाही. कचेरी सुटली की सामाजिक काम: कोणाचा जातीचा दाखला अडला आहे, कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती आली नाही, जयंतीची बैठक आहे. पत्नी गेल्यावर आम्ही हे काम दुपटीने वाढवले. लोक म्हणाले, ‘भाऊ खचले नाहीत.’ आम्हालाही ते ऐकून बरे वाटे. खरे कारण वेगळे होते. घरी लवकर जायची भीती वाटत होती.

सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी कचेरीच्या कॅन्टीनमध्ये जे मिळेल ते, तेही कधी दोनला, कधी चारला. संध्याकाळी नाक्यावर वडापाव. रात्री अकरा वाजता घरी आल्यावर फरसाणाची पुडी, तीही उभ्या उभ्या, पेपर चाळता चाळता. आम्हाला खर्चाची वही लिहिण्याची जुनी सवय. एका महिनाअखेरीस बेरीज करताना दिसले, की त्या ३० दिवसांत भाजी आणल्याची नोंद फक्त ४ वेळा होती. डाळीची तर एकदाही नव्हती. वडापावच्या नोंदी मोजल्या आणि वही मिटून ठेवली.

वही मिटली म्हणून हिशेब मिटत नाही. आम्हाला मधुमेहाची गोळी आहे. गोळी सकाळी न चुकता घेत होतो. तिच्यामागून जे जेवण पोटात जायला हवे तेच जात नव्हते. एके सकाळी पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रोड जेथे मिळतात त्या माजिवडा नाक्यावर बसची वाट पाहत उभे होतो. अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, पुलाचे खांब हलताहेत असे वाटले आणि आम्ही खालीच बसलो. टोपली घेऊन बसलेल्या एका भाजीवाल्या बाईने ओळख नसताना आमच्या हातात साखर घातलेला चहाचा कप दिला. दहा मिनिटांनी डोळ्यांपुढचा अंधार गेला. तेव्हा तिने विचारले, ‘दादा, सकाळी काय खाल्लं होतं?’

आम्हाला उत्तर देता आले नाही. हजार माणसांपुढे माईकवर बोलताना न अडखळणारे आम्ही त्या प्रश्नाला अडखळलो.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले, की मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण टाळले तर रक्तातील साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चक्कर ही तिची लक्षणे. तेवढ्या वेळी लगेच साखर किंवा गोड पेय पोटात जावे लागते, आणि मग जेवण. गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ यांची जोडी फोडायची नाही. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे एकदा विचारून घ्यावे.

एकटे कोण जेवत होते?

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. आईच्या वयाच्या, नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली, लेक सासरी. त्या संध्याकाळी त्यांनी आमटी-भात आणून दिला आणि दारातच बसल्या. आम्ही म्हणालो, ‘मावशी, एकट्याने जेवण घशाखाली उतरत नाही हो.’

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, राग मानू नका. तुमची बायको वीस वर्षं एकटीच जेवत होती की!’

वाचकहो, त्या रात्री झोप लागली नाही. बैठक संपवून आम्ही दहाला यायचो, कधी अकराला. ती ताट वाढायची. आम्ही निवेदनाचा मसुदा वाचत वाचत जेवायचो. मुलगा आधीच जेवून झोपलेला. आमचे झाले की ती ओट्याजवळ बसून जे उरले असेल ते खायची. भाजी संपली असेल तर चटणी. ती काय जेवली हे आम्ही कधी पाहिले नाही, कारण तोवर आम्ही अंथरुणावर पडलेलो असू. हिंदू कोड बिलावर आणि स्त्रियांच्या हक्कांवर आम्ही कितीतरी भाषणे केली आहेत. ती भाषणे करून घरी आल्यावरही तेच ताट, तोच क्रम.

तिच्या जेवणाच्या वेळेची चूक आता दुरुस्त होणार नाही. पण ज्या घरात आज दोन माणसे आहेत तेथे ती आजच दुरुस्त करता येते, म्हणून हे लिहिले.

कारखान्यांचा भोंगा

आम्ही लहानाचे मोठे माजिवड्यातच झालो. वडील कारखान्यात होते. पोखरण रोड, बाळकुम, कोलशेत या पट्ट्यात तेव्हा एकाला लागून एक कारखाने होते, आणि वस्तीचे घड्याळ म्हणजे कारखान्यांचा भोंगा. सकाळचा भोंगा झाला की आई तव्यावर शेवटची भाकरी टाकायची. दुपारच्या भोंग्याला वडील फडके सोडत असतील हे आम्हाला घरी बसून कळायचे. भूक लागो न लागो, मन असो नसो, भोंगा झाला की वस्ती जेवायची. आजी गेली त्या महिन्यातही वडिलांचा डबा एक दिवस चुकला नाही, कारण भोंगा कोणाच्या घरी काय झाले ते पाहत नव्हता. आज तेथे उंच इमारती आहेत आणि बरेचसे भोंगे बंद झाले.

आम्ही विचार केला, की संसार हाही एक भोंगाच असतो. मुलाच्या शाळेची वेळ, बायकोची हाक, पाहुण्यांची ये-जा यांच्यामुळे माणूस जेवतो. घरात एकच माणूस उरले की हे सगळे भोंगे एकाच दिवशी बंद पडतात. भूक असते, पण वेळ सांगणारे कोणी नसते. मग आपला भोंगा आपणच वाजवावा लागतो. आम्ही मोबाइलवर तीन गजर लावले: सकाळी साडेसात, दुपारी एक, रात्री साडेआठ. रात्रीच्या बैठकीत गजर वाजला की पहिल्यांदा कार्यकर्ते हसले. आता ते म्हणतात, ‘भाऊंचा भोंगा झाला, आटपा.’ बैठका लवकर संपू लागल्या आणि इतर कार्यकर्तेही घरच्यांबरोबर जेवू लागले, हा आणखी एक फायदा.

पुरुषाने चूल पेटवली तर

चाळिशी उलटेपर्यंत आम्हाला चहापलीकडे काही येत नव्हते, हे सांगायला लाज वाटते. पण त्याहून लाजिरवाणे म्हणजे त्याचा अभिमान बाळगणे. आपल्या बाबासाहेबांना स्वतः स्वयंपाक करण्याची हौस होती, असे त्यांच्या सहवासातील माणसांनी लिहून ठेवले आहे. माता रमाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात कालकथित झाल्या. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे बाबासाहेब एकटेच होते. कामाचा डोंगर, रात्र रात्र वाचन आणि लेखन, त्यात मधुमेह. प्रकृती पुष्कळ खालावली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्या पुढे सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेल्या. स्वतः डॉक्टर असलेल्या माईंनी त्यांचे पथ्यपाणी, औषधे आणि जेवण यांकडे कसे लक्ष दिले, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आले आहे. एवढ्या महामानवाच्या देहालाही वेळेवर दोन घास लागत होते. मग आपल्यासारख्याने ‘मला काही होत नाही’ म्हणण्यात काय अर्थ?

स्वयंपाक आम्ही मावशींकडून शिकलो. पहिल्या आठवड्यात भात करपला, दुसऱ्या आठवड्यात आमटीत मीठ दोनदा पडले. आता जे जमते ते सांगतो. कोणाला उपयोगी पडेल.

लहान कुकर घ्यावा. मोठ्या कुकरात एकाचा स्वयंपाक करायचा आळस येतो, आणि केलाच तर तीन दिवस शिळे खावे लागते. एका डब्यात अर्धी वाटी तांदूळ, दुसऱ्यात मूठभर डाळ, वर एखादा बटाटा किंवा दुधीच्या फोडी. शिट्ट्या होईपर्यंत अंघोळ उरकते. रविवारी मटकी भिजत घालावी. मोड आले की दोन दिवसांची उसळ होते. सुकट निवडून, कोरडी भाजून बरणीत भरून ठेवली तर कांदा-टोमॅटो घालून दहा मिनिटांत कालवण तयार. अंडी घरात असावीत. भाजीवाल्याला पाव किलो मागायला लाजू नये. एकाच्या घराला तेवढेच लागते. भाकरी जमेपर्यंत आम्ही शेजारून विकत घेतल्या, आता वाकड्यातिकड्या का होईनात, स्वतः थापतो. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. निवला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच टाकावा.

डाळ, उसळ, अंडी, सुकट यांचा आग्रह का, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण दिले आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतात, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७. चहा-बिस्किटाने पोटाची ओरड थांबते. हा हिशेब काही जुळत नाही.

आणि एक नियम आम्ही स्वतःवर सक्तीने लादला. उभ्याने खायचे नाही. पातेल्यातून खायचे नाही. ताट घ्यायचे, पाण्याचा तांब्या भरायचा, बसायचे. पहिले काही दिवस रिकाम्या भिंतीसमोर ताट घेऊन बसणे फार जड गेले. दोनदा ताट तसेच झाकून ठेवले. तिसऱ्यांदा जेवलो.

मुंड राजाची गोष्ट

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात एका भन्तेजींनी अंगुत्तर निकायातील मुंड राजाची कथा सांगितली. पाटलिपुत्रात मुंड नावाचा राजा होता. त्याची लाडकी राणी भद्रा मरण पावली. राजाने स्नान सोडले, जेवण सोडले, राज्यकारभार सोडला. रात्रंदिवस तिच्या देहापाशी बसून राहिला. एवढेच नव्हे, तिचा देह तेलाच्या लोखंडी पात्रात ठेवून द्या, म्हणजे मला ती अधिक दिवस पाहता येईल, अशी आज्ञा केली. त्याचा खजिनदार प्रियक शहाणा होता. त्याने राजाला कुक्कुटाराम विहारात भदन्त नारदांकडे नेले. नारदांनी सांगितले, की जे जीर्ण होणारे आहे ते जीर्ण होऊ नये, जे मरणारे आहे ते मरू नये, असे कोणालाच मिळत नाही. हे न उमजता जो शोक करत बसतो त्याला अन्न गोड लागत नाही, त्याचे शरीर कोमेजते, कामे थांबतात, शत्रूंना आनंद होतो आणि मित्रांना दुःख. राजाने ऐकले. राणीचे दहन करून स्तूप बांधण्यास सांगितले आणि म्हणाला, आजपासून आम्ही स्नान करू, जेवू आणि आपली कामे पाहू.

कथा ऐकताना आम्हाला घरातील फळीवरचा तिचा डबा आठवला. तिच्या हातचे शेवटचे लिंबाचे लोणचे आम्ही सहा महिने उघडलेच नव्हते. उघडले तर संपेल, ही भीती. त्या रात्री घरी जाऊन बरणी उघडली आणि वरणभाताबरोबर जेवलो. महिन्याभरात ते संपले. बरणी धुऊन आता तिच्यात सुकट ठेवतो. माणसाला विसरणे वेगळे आणि त्याच्या मागे नीट जेवणे वेगळे. आम्ही पोटभर जेवलो म्हणून आमचे दुःख खोटे ठरत नाही.

मावशींचे ताट

मावशी आम्हाला शिकवत होत्या, पण त्या स्वतः काय जेवतात हे आम्ही विचारलेच नव्हते. पुन्हा तीच चूक. एकदा अवेळी गेलो तेव्हा त्या चहात शिळी चपाती बुडवून खात होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या एकटीसाठी कुठं गॅस पेटवू?’ पुरुषाला करता येत नाही म्हणून तो उपाशी, आणि बाईला सगळे येते तरी स्वतःसाठी करावेसे वाटत नाही म्हणून ती उपाशी. आयुष्यभर दुसऱ्यासाठीच शिजवलेले. त्यात खर्चाची धास्ती. त्यांच्या शिधापत्रिकेवर आता एकच नाव. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. तेवढ्याने भात-चपातीचा आधार होतो. डाळ, भाजी, तेल विकतच आणावे लागते, आणि एकटी बाई तेथेच हात आखडते.

आम्ही दोघांनी तोड काढली. डाळ-अंडी आम्ही आणायची, भाकरी मावशींनी थापायची, रविवारी एकत्र जेवायचे. मंगळवारी आणि गुरुवारी आमची आमटी वाटीभर त्यांच्याकडे जाते. या वर्षी त्यांचे गळालेले वजन थोडे भरून आले आहे.

पूर्वी गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेले हजारो कामगार एकटेच असत. त्यांना खानावळवाल्या बायांनी जगवले. महिन्याचे पैसे ठरलेले, खाडा झाला तर त्याचा हिशेब वेगळा. त्याच बायांना बळ देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकट्या माणसाला वेळेवर घास मिळावा आणि रांधणाऱ्या बाईला कष्टाचे दाम मिळावे, ही रीत चांगलीच होती. ज्याला स्वयंपाक जमतच नाही त्याने शेजारच्या गरजू भगिनीकडे महिन्याचा डबा लावावा. त्यात कमीपणा नाही.

मात्र कोणाला महिनोन्‌महिने भूकच लागत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, तर ते नुसत्या डब्याने भागणार नाही. डॉक्टरांकडे जावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. आपल्या माणसाला तेथवर सोबत करावी.

आधी घास, मग भाषण

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट आहे. तथागत तेथे उपदेश करण्यास आले. एक गरीब शेतकरी त्यांना ऐकण्यास निघाला, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटी धावत आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. तो येताच त्यांनी प्रथम त्याला जेवायला वाढण्यास सांगितले, आणि तो जेवून शांत झाल्यावरच उपदेश केला. भिक्खूंनी आश्चर्य केले, तेव्हा भुकेसारखा दुसरा आजार नाही असे त्यांनी समजावले.

आम्ही कार्यकर्ते मात्र आधी भाषण करतो. पुण्यानुमोदनाच्या सभेत ‘समाज आपल्या पाठीशी आहे’ असे आम्हीही अनेक घरांत बोललो आहोत. पंधराव्या दिवशी त्या घरी काय शिजले हे पाहायला आम्ही एकदाही गेलो नव्हतो.

म्हणून आमच्या विहारात यंदापासून साधी वही ठेवली आहे. ज्या घरी एकटे माणूस मागे राहिले, त्या घरी कार्यक्रमानंतर शंभर दिवस आठवड्यातून दोनदा कोणीतरी डबा घेऊन जायचे, आणि डबा ठेवून परत न येता सोबत बसून जेवायचे. पाळी लावली आहे. तीत पुरुषांची नावेही आहेत, आणि त्यांनी डबा स्वतःच्या हातचा न्यायचा आहे. अद्याप तीनच घरे वहीत आहेत. एक-दोन पाळ्या चुकल्याही. कारकुनाच्या सवयीने आम्ही त्या लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत.

आपल्याही वस्तीत असे एखादे दार असेल. ‘काही लागले तर सांगा’ असे त्या माणसाला म्हणू नका. तो सांगणार नाही. आम्हीही सांगितले नव्हते. भाजीवाल्या बाईने विचारले तसे सरळ विचारा, ‘आज काय जेवलात?’

रात्रीचे साडेआठ होत आले आहेत. कुकरची शिट्टी झाली. आज मेथीची भाजी आहे, मुगाची आमटी आहे, भाकरी नेहमीसारखी वाकडी आहे. मुलाचा फोन रोज याच वेळी येतो. पूर्वी तो विचारायचा, ‘पप्पा, जेवलात का?’ आणि आम्ही खोटे ‘हो’ म्हणायचो. आता तो विचारतो, ‘काय केलंत?’ तेव्हा लेखणी येथेच ठेवतो. ताट वाढायचे आहे.